सरावाच्या वहीवर पालकांची सही हवी की नको?

धागाकर्ती (क्लॅरिनेट शिकणाऱ्या मुलीची आई)

शाळेच्या बँडमध्ये नव्याने आलेल्या मुलांना वाद्याबरोबर पुष्कळदा एक सरावाची वहीही मिळते. रोज किती मिनिटे वाजवले ते मुलाने तीत लिहायचे, आठवडा संपला की पालकांनी खाली सही करायची आणि शिक्षकांनी ती तपासायची, अशी ही पद्धत आहे. ती बंद करावी, असे माझे मत आहे. मुलांनी घरी सराव करू नये, असे मी मुळीच म्हणत नाही. पण सही करायची म्हटली की पालकांची नजर घड्याळावर राहते आणि मुलाने काय वाजवले ते ऐकायचे राहून जाते.

माझा अनुभव सांगते. मुलगी दहा वर्षांची असताना तिने क्लॅरिनेट हाती घेतले. वहीत रोजची वीस मिनिटे भरायची होती. मला थोडाफार कीबोर्ड येतो, म्हणून तिचे स्वर बरोबर लागतात की नाही हे मी त्यावर पडताळून पाहू लागले. तिच्या पुस्तकात 'सी' लिहिलेला असे, ती 'सी'ची बोटे धरून फुंकत असे, आणि तो स्वर माझ्या 'सी'पेक्षा प्रत्येक वेळी एका पूर्ण स्वराने खाली येत असे. "अजून वर घे, ओठ घट्ट धर," असे मी तिला जवळजवळ दोन आठवडे सांगत राहिले. तिने ओठ इतके आवळले की रीड (तोंडात धरायच्या टोकावरची, कंप पावून आवाज काढणारी पातळ पट्टी) दाबली जाऊन वाद्यातून नुसती हवा येऊ लागली. अखेर बँडच्या शिक्षकांकडून कळले की शाळेत मुले वाजवतात ते क्लॅरिनेट 'बी फ्लॅट'चे असते. त्यावर लिहिलेला 'सी' वाजवला की ऐकू येतो तो 'बी फ्लॅट'. बँडमधल्या नेहमीच्या ट्रम्पेटचेही तसेच असते, आल्टो सॅक्सोफोनवर तोच 'सी' 'ई फ्लॅट' होऊन येतो, आणि फ्लूट मात्र लिहिल्याप्रमाणेच वाजते. मुलगी पहिल्या दिवसापासून बरोबर वाजवत होती, आणि त्या दोन्ही आठवड्यांच्या नोंदींखाली माझी सही आहे.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो. बँडच्या रचनेत क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांचे पहिले, दुसरे, तिसरे असे गट असतात, आणि माझ्या मुलीसारख्या तिसऱ्या क्लॅरिनेटच्या वाट्याला पुष्कळदा चाल येतच नाही. चार मात्रांचे लांब स्वर, मग बारा बार (तालाची आवर्तने) विश्रांती, मग पुन्हा दोन स्वर, असा तो कागद असतो. बाजूला ट्रॉम्बोन आणि फ्लूट वाजू लागले की त्या स्वरांना अर्थ येतो. घरी बंद खोलीत एकटीने ते वाजवताना आपण करतो आहोत ते संगीत आहे, हेच मुलीला पटत नाही. त्यावर वीस मिनिटांची सक्ती केली, तर तिच्या मनात वाद्य आणि कंटाळा यांची गाठ पक्की बसते. शाळेने वही देण्याऐवजी संपूर्ण बँडचे ध्वनिमुद्रण घरी द्यावे, म्हणजे मुलाला त्याच्याबरोबर वाजवता येईल, आणि पालकांना एवढेच सांगावे की रोज पाच मिनिटे शेजारी बसून ऐका.

मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात आठवतो. चित्रे काढायला आवडणाऱ्या लहान मुलांपैकी काहींना आधीच सांगून चित्रासाठी बक्षीसपत्र दिले गेले. पुढे मोकळ्या वेळात तीच मुले इतरांपेक्षा कमी चित्रे काढताना दिसली. सही, गुण आणि तारे यांच्या बाबतीतही हेच होते, असे मला वाटते.

प्रतिसाद 1 (ट्रम्पेटवादक, दोन मुलांचे वडील)

ताई, कीबोर्डचा प्रसंग तुम्ही मोकळेपणाने लिहिलात, याबद्दल आदर आहे. मात्र त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. त्या दोन आठवड्यांत नुकसान झाले ते वाद्याची माहिती नसताना चुका दाखवल्यामुळे. सही आणि नोंद यांचा त्यात दोष नाही.

तुम्ही दिलेल्या प्रयोगातली मुले चित्रे काढण्यात आधीपासूनच रमणारी होती. तशीच मुले मुद्दाम निवडली होती. पहिल्या तीन महिन्यांतल्या ट्रम्पेटचे काय? त्यात रमण्यासारखे फारसे काही नसते. स्वर लागत नाही, लागला तर टिकत नाही, आणि ओठ दहा मिनिटांत सैल पडतात. नसलेली गोडी बक्षिसाने कशी कमी होईल? गोडी येण्यासाठी आधी स्वर लागावा लागतो आणि स्वर लागण्यासाठी ओठांभोवतीचे स्नायू तयार व्हावे लागतात. रविवारी सलग दीड तास वाजवून ते तयार होत नाहीत, उलट ओठ दुखावतात आणि मूल वरचे स्वर काढण्यासाठी माउथपीस दातांवर दाबू लागते. ही खोड पुढे मोडता मोडत नाही. रोज दहा मिनिटे, मध्ये तेवढीच विश्रांती, पुन्हा दहा मिनिटे, हाच ब्रासच्या वाद्यांचा खरा रियाज आहे. दहा वर्षांचे मूल हा नेम आपणहून पाळणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

मी स्वतः वही भरून शिकलो. माझ्या वडिलांना संगीतातले काहीही कळत नव्हते. रात्री जेवणानंतर ते वही मागत, आणि वही रिकामी असेल तर न रागावता एवढेच म्हणत, "मग आत्ता वाजव, मी इथेच आहे." ते वर्तमानपत्र वाचत बसत आणि मी वाजवत असे. हा पहारा होता, असे मला आजही वाटत नाही. आपल्या वाजवण्यासाठी कोणीतरी रोज थांबते, हे मला त्या वहीमुळे समजले. घरोघरची मोठी माणसे असे आपणहून थांबतीलच, याची खात्री शाळेला नसते. म्हणून ती सही मागते.

संपूर्ण बँडच्या ध्वनिमुद्रणाची तुमची सूचना उत्तम आहे, पण त्यासाठी वही बंद करण्याचे कारण नाही.

प्रतिसाद 2 (रात्रपाळी करणारा एकटा पालक)

या चर्चेत एक गोष्ट दोन्ही बाजूंनी गृहीत धरली गेली आहे, ती म्हणजे सायंकाळी घरात मोठे माणूस असते. माझ्या घरी ते नसते. मुलगा शाळेतून येतो तेव्हा मी कामावर निघण्याच्या घाईत असतो, आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचे तान्हे बाळ असल्यामुळे रात्री त्याला वाजवताही येत नाही. आठवड्याच्या शेवटी मी न ऐकलेल्या मिनिटांखाली सही करतो. मुलगा ते पाहतो. खोट्या नोंदीवर बापाची सही, हा त्याला बँडमधून मिळालेला पहिला धडा आहे, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्यात तो ट्यूबा वाजवतो. दहा-बारा किलोचे ते वाद्य रोज घरी आणणे शक्य नाही. शाळेत ते एकच आहे. ते तेथेच राहते आणि वीस मिनिटांची वही मात्र घरी येते. ताल विभागातल्या ज्या मुलांकडे टिंपनी किंवा मोठा ड्रम आहे, त्यांचीही हीच अडचण. शाळा भरण्याआधी अर्धा तास बँडची खोली उघडी ठेवली, तर माझ्या मुलाला तुम्हा दोघांच्या सल्ल्यापेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल.

धागाकर्ती

ट्यूबाचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. "पाच मिनिटे शेजारी बसा" हे लिहिताना ती पाच मिनिटे सर्वांकडे असतात असे मी धरून चालले होते, हे मान्य करते.

प्रतिसाद 1 मधील वडिलांचे चित्र मनाला भिडले. मात्र ते वर्तमानपत्र घेऊन बसत, ही त्यातली मोलाची गोष्ट आहे, आणि वहीत नेमकी तिचीच नोंद कुठेही होत नाही. सही त्यांच्याही वहीवर आणि रात्रपाळीवरून परतलेल्या या पालकांच्या वहीवरही सारखीच दिसते. जी नोंद या दोन घरांतला फरक दाखवू शकत नाही, तिच्यावरून मुलाला गुण द्यावेत काय?

पालकांच्या सहभागाचा विषय निघाला की जपानी व्हायोलिनशिक्षक शिनिची सुझुकी यांच्या पद्धतीचा दाखला दिला जातो, म्हणून त्याविषयीही लिहिते. त्या पद्धतीत पालक मुलाच्या धड्याला हजर राहतात आणि घरी सराव करून घेतात हे खरे आहे. परंतु त्याआधी पालकाने स्वतः ते वाद्य हाती घेऊन सुरुवातीचे काही शिकावे, असाही तिचा आग्रह असतो. मी त्या दोन आठवड्यांपूर्वी एकदा तरी मुलीचे क्लॅरिनेट तोंडाला लावले असते, तर "ओठ घट्ट धर" हे शब्द माझ्या तोंडून निघाले नसते. पुढे मी ते लावून पाहिले. पूर्ण एक मिनिट फुंकल्यावर एक किंकाळी निघाली आणि मुलगी मला रीड ओली कशी करायची ते शिकवू लागली. त्या संध्याकाळी ती चाळीस मिनिटे वाजवत होती आणि वहीची आठवण आम्हा दोघींनाही झाली नाही.

प्रतिसाद 3 (शाळेच्या बँडची शिक्षिका)

मी वही तपासणाऱ्यांपैकी आहे, म्हणून तिची गरज का पडते ते सांगते. एका तासाला माझ्यासमोर चाळीस मुले असतात. वाद्ये काढून, जुळवून सूर मिळवेपर्यंत दहा मिनिटे जातात. थंड खोलीत आणलेली वाद्ये उतरलेल्या सुरात बोलतात आणि फुंकून गरम झाली की चढतात, त्यामुळे सूर पुन्हा मिळवावा लागतो. उरलेल्या वेळात प्रत्येकाला एकेकटे ऐकणे माझ्या आवाक्यात नाही. घरी काय घडते याचा पत्ता देणारे वहीखेरीज माझ्याकडे काहीच नाही, आणि ती सरसकट बंद करावी हे मला पटत नाही.

तथापि मिनिटांच्या रकान्यातून मला आजवर काहीही कळलेले नाही, हेही तितकेच खरे आहे. क्लॅरिनेटवर 'ए'वरून 'बी'वर जाताना मूल अडते. 'ए' एका बोटाने कळ दाबून निघतो, आणि लगेच वरच्या 'बी'साठी सगळी बोटे एकदम खाली यावी लागतात. त्यातले एक जरी छिद्रावरून केसभर सरकले तरी वाद्य किंचाळते. वहीत त्या आठवड्याला 'सोमवार 20, मंगळवार 20, बुधवार 20' असते. 'बी लागत नाही' एवढेच तीन शब्द लिहिलेले असते, तर मी गुरुवारी त्या मुलीजवळ दोन मिनिटे थांबले असते.

एकदा असेच एक मूल महिनाभर खालचे स्वर काढण्यासाठी झगडत होते. घरून रोजच्या नोंदी नियमाने येत होत्या, सह्या होत्या, आणि वर पालकांची चिठ्ठीही होती की मुलाचे लक्ष नसते, जरा दटावा. मी वाद्य हातात घेतले आणि पातळ कागदाची पट्टी एकेका पॅडखाली (कळीखालच्या, छिद्र झाकणाऱ्या मऊ गादीखाली) धरून, पॅड मिटून ओढून पाहिली. एका पॅडखालून ती अडथळा न होता सरळ निघून आली. पॅड नीट बसत नव्हता, हवा तिथून गळत होती, आणि त्या गळतीखालचा स्वर धडपणे काढणे निष्णात वादकालाही जड गेले असते. त्या मुलाने महिनाभर रोज वीस मिनिटे स्वतःला दोष दिला होता. म्हणून पालकांना माझे कळकळीचे सांगणे आहे की, मूल प्रयत्न करूनही तोच स्वर पुनःपुन्हा फसत असेल, तर आधी वाद्य तपासून घ्या, आणि मुलाच्या आळसाविषयी नंतर बोला.

मला स्वतःला मिनिटे आणि सही दोन्ही नकोत. 'आज काय बसले' आणि 'कुठे अडले' हे मुलाने आपल्या शब्दांत लिहावे. लिहायला नको असेल त्याने अडलेल्या दोन ओळी ध्वनिमुद्रित करून आणाव्यात. पालक जवळ असोत वा नसोत, हे मुलाला एकट्याने जमते. सकाळी खोली उघडण्याविषयी मी वरिष्ठांकडे लेखी मागणी करणार आहे; किल्ली कोणाकडे राहणार आणि देखरेख कोण करणार, हे दोन प्रश्न तेथे विचारले जातील, त्यांची उत्तरे मला जमवावी लागतील.

प्रतिसाद 1 (ट्रम्पेटवादक)

बाई, 'कुठे अडले' हा रकाना मला पटला, आणि कागदाच्या पट्टीची गोष्ट मी माझ्या धाकट्याला आजच वाचून दाखवली. सहीबाबतही मी मागे येतो. ट्यूबावाल्या मुलाच्या वडिलांना दर आठवड्याला जे करावे लागते, ते कोणालाही करावे लागू नये.

एका ठिकाणी मात्र मी हटणार नाही. अडले कुठे, हे कळण्यासाठी सुद्धा मुलाने वाद्य पेटीतून बाहेर काढावे लागते, आणि जे मूल आठवड्यातून दोनदाच वाजवते त्याला आपण अडलो आहोत की नुसते विसरलो आहोत, हे सांगता येत नाही. दिवस चुकू नयेत यासाठी नोंद हवीच. धाकट्याच्या वहीत मिनिटांचा रकाना आम्ही खोडून टाकला आहे. वारांचा रकाना मात्र तसाच आहे, आणि तो रोज रात्री माझ्यासमोर भरला जाईल.

प्रतिसाद 2 (रात्रपाळी करणारा पालक)

बाई, देखरेखीसाठी माणूस हवे असेल, तर आठवड्यातल्या ज्या दोन सकाळी मी पाळीवरून थेट येऊ शकतो, त्या दोन सकाळी शाळा भरेपर्यंत मी बँडच्या खोलीत बसायला तयार आहे. तुमच्या मागणीपत्रात हे लिहिता येत असेल तर लिहा.