फिजिओचे व्यायाम रोजच्या व्यायामात धरायचे का?

सह्यभटक्या: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी दाबायची आणि 'आजचं वर्कआउट झालं' म्हणून नोंद टाकायची, असे लोक फार वाढलेत. फिजिओचे व्यायाम म्हणजे औषध. बरं वाटलं की बंद. तापाच्या गोळ्या कुणी फिटनेसमध्ये धरतं का?

नेहा_ठाणे: हे वाचून राहवलं नाही. माझ्या एसीएलच्या (गुडघ्यातल्या लिगामेंटच्या) ऑपरेशनला सात महिने झाले. 'बरं वाटलं की बंद' हेच मी तिसऱ्या महिन्यात केलं. दुखत नव्हतं, जिना चढत होते, म्हणून एसएलआर (झोपून पाय सरळ ठेवून उचलणं), हील स्लाइड (टाच सरकवत गुडघा वाकवणं) सगळं सोडलं. पाचव्या महिन्यात फिजिओने दोन्ही मांड्यांना टेप लावला. ऑपरेशनवाली मांडी तीन सेंटिमीटर बारीक! दुखणं गेलं म्हणजे ताकद आली असं नसतं हो. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते: '१० चे ३, डावा, सूज नाही', म्हणजे डाव्या पायाचे दहा-दहाचे तीन सेट. चौकट रिकामी दिसली की रात्री अकरालाही सतरंजी अंथरते. हातातलं घड्याळ यातलं काही धरत नाही. पाय उचलताना मनगट हलतं कुठे?

सह्यभटक्या: लिहिण्याला विरोध नाही, मिरवण्याला आहे. माझा मित्र अ‍ॅपमधली रोजच्या नोंदींची साखळी तुटू नये म्हणून सुजल्या गुडघ्याने स्क्वॉट मारत राहिला. मग आठवडाभर बर्फ. त्यापेक्षा रोज १० हजार पावलं चाला.

आबा६८: ती १० हजार पावलं! १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, नाव 'मानपोकेई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा त्या नावातून पसरला, कुठल्या डॉक्टरच्या चिठ्ठीतून नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज त्याचे स्क्रीनशॉट. गुडघा बदलून दीड महिना झाला असताना मीही त्या नादात ९ हजार चाललो. संध्याकाळी पाय उशीवरून खाली ठेववेना.

सह्यभटक्या: आकडा कुठून का येईना, माझी शुगर चालण्यानेच खाली आली. चालणाऱ्यांना नावं ठेवू नका.

आबा६८: नीट वाचा. मी आकड्याला नावं ठेवतोय, चालण्याला नाही! घरी सोडताना मला एक झेरॉक्स दिली, चित्रंसुद्धा पुसट. किती चालायचं, कधी थांबायचं, कुणी अवाक्षर काढलं नाही. मग माणूस ग्रुपवरचा आकडाच धरणार.

नेहा_ठाणे: म्हणून तर सूज लिहायची. सकाळी गुडघा जड वाटला की आदल्या दिवशीची चौकट बघते. तुमच्या मित्राने नुसती साखळी मोजली, गुडघ्याकडे बघितलं नाही.

सह्यभटक्या: बरं, सुजेचं मान्य. पण त्याला वर्कआउट म्हणणं नाही पटत.

नेहा_ठाणे: नका म्हणू. तिसऱ्या सेटला मांडी थरथरते आणि घाम कपाळावरून कानात जातो. मी म्हणणार.

आबा६८: नेहाताई, एसएलआर करताना माझी कंबर भरून येते.

नेहा_ठाणे: आबा, दुसरा गुडघा वाकवून पाऊल गादीवर टेकवता ना? दोन्ही पाय सरळ ठेवलेत तर कंबर उचलली जाते. तसं करूनही दुखलं तर थांबा आणि फिजिओला समोर करून दाखवा.