प्रोक्लेमर्स या स्कॉटिश बँडचं '५०० माइल्स' गाणं अजून इतकं का चालतं?

प्रश्न: गाणं १९८८ चं, तरी स्कॉटलंडची मॅच असो की तिकडचं लग्न, सगळे बेंबीच्या देठापासून गातात. असं काय आहे यात?

टाळकरी: अरे ठेकाच चालायचा आहे, पाय आपोआप हलतात. आणि ते 'दा दा दा', एकाने म्हणायचं दुसऱ्याने उचलायचं, भजनात बुवांच्या मागे म्हणतात तसं, शब्द पाठ नसले तरी अडत नाही.

निशा_७: नुसत्या चालीने नाही झालं हं. ब्रिटनमध्ये तेव्हा गाण्यांच्या चार्टवर ११ नंबरपर्यंतच गेलेलं, अमेरिकेत तर १९९३ ला 'बेनी अँड जून' सिनेमात आलं तेव्हा कुठे ३ नंबरला पोचलं, मग २००७ ला कॉमिक रिलीफच्या चॅरिटीसाठी परत केलं आणि ब्रिटनमध्ये थेट १ नंबर!! दर पिढीला नव्याने भेटत गेलं.

डोंगरवाट: माझ्या मते खरी गोष्ट त्यांचा आवाज. क्रेग आणि चार्ली रीड, जुळे भाऊ, गाताना आपले स्कॉटिश उच्चार अजिबात लपवत नाहीत, म्हणून तिकडच्या लोकांना ते घरचं वाटतं. त्यांचं 'सनशाइन ऑन लीथ' पण ऐका, २०१६ ला हिब्स या एडिनबराच्या फुटबॉल क्लबने स्कॉटिश कप जिंकल्यावर अख्खा स्टँड गातोय तो व्हिडिओ बघाच, काटा येतो अंगावर.