पॉप गाणं हिट होतं ते गायकामुळे की प्रोड्यूसरमुळे?

कॅसेटप्रेमी:
संगीतकार-प्रोड्यूसर बिद्दूने आपल्या जुन्या हिट गाण्यांबद्दल जे सांगितलंय ते परत वाचलं. बंगलोरचा पोरगा, साठच्या दशकात इंग्लंडला गेला आणि १९७४ ला कार्ल डग्लसचं 'कुंग फू फायटिंग' प्रोड्यूस केलं, म्हणजे पैसे लावले नाहीत, गाण्याचं रेकॉर्डिंग घडवलं, ब्रिटन-अमेरिका दोन्हीकडे एक नंबर! आणि ते केलेलं कशासाठी, तर रेकॉर्डच्या मागच्या बाजूला काहीतरी हवं म्हणून. सगळं सेशन पुढच्या बाजूच्या गाण्यात गेलं, हे शेवटच्या दहा मिनिटांत उरकलं. लोक म्हणतात नशीब. मला नाही पटत, ठेका कसा हवा, वादक कुठले हवेत हे डोक्यात पक्कं असल्याशिवाय दहा मिनिटांत असं गाणं होतच नाही. पॉप गाणं प्रोड्यूसरचंच, गायकाचं फक्त कव्हरवर नाव.

सूरवेडी:
अजिबात नाही. त्याच किश्शात पुढे काय झालं ते पण सांगा की, हे गाणं पुढच्या बाजूला घ्या असं रेकॉर्ड कंपनीच्या माणसाने सांगितलं, बिद्दूने स्वतः ते मागेच टाकलेलं! आणि 'कुर्बानी' सिनेमातलं, बिद्दूनेच लंडनला केलेलं 'आप जैसा कोई' घ्या, १९८०, नाझिया हसन पंधरा वर्षांची. बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, तीही गाजली, पण फिल्मफेअर घेऊन गेली ही शाळकरी पोरगी. तो नाकातला, जरासा उदास आवाज कुठल्या मशीनमधून काढणार?

ऑर्केस्ट्रावाला:
मी बरीच वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय म्हणून सांगतो, 'आप जैसा कोई'चा ठेका नुसता सुरू केला की मागच्या खुर्च्यांवरची माणसं उठायची, गायिकेने अजून माईक पण हातात घेतलेला नसायचा. तेव्हा मुंबईत बहुतेक गाणी अख्खा ताफा आणि गायक एकत्र बसवून घेतली जायची, एक व्हायोलिन चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. लंडनला प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर, मग पाहिजे ते वर-खाली करा. तो फरक कानाला कळतो हो. आणि आपल्याकडे कुठलं वाद्य कुठे काय वाजवणार हे ठरवणारे अरेंजर, अनिल मोहिलेंसारखी माणसं, किती जणांना माहितीयेत? गाणं तोंडपाठ, अरेंजरचं नाव विचारलं की सगळे गप्प. याचं मला खरंच वाईट वाटतं.

कॅसेटप्रेमी:
हेच म्हणतोय ना मी! बिद्दूचंच 'मेड इन इंडिया' आधी नाझियासाठी होतं असं सांगतात, तिने नाही म्हटलं म्हणून अलिशा चिनॉयकडे गेलं आणि १९९५ ला घराघरात वाजलं. गायिका बदलली तरी हिट, मग श्रेय कुणाचं?

सूरवेडी:
नाझियाचं रेकॉर्ड झालंच नाही, मग तुलना कशाशी करताय? 'मेड इन इंडिया'च्या व्हिडिओत मिलिंद सोमण त्या लाकडी पेटीतून बाहेर येतो ते सगळ्यांना आठवतं, पण माझ्या ताईने ती कॅसेट टेप गुंडाळली जाईपर्यंत वाजवली ती अलिशाच्या त्या ठसक्यासाठी. ऑर्केस्ट्रावाले म्हणतात ते मान्य, अरेंजरचं नाव यायलाच हवं, मोठ्या अक्षरात यावं. पण "फक्त कव्हरवर नाव" हे मागे घ्या.