अनुभव धागा: खेळातली पात्रे म्हातारी होतात तेव्हा

व्हिडिओ गेममधल्या बहुतेक पात्रांना वय लागू नसते. मारिओ १९८१ साली पहिल्यांदा पडद्यावर आला, आणि आजही त्याच्या मिशीत एक पांढरा केस सापडत नाही. काही मोजके खेळ मात्र आपल्या नायकाला म्हातारे होऊ देतात. कुठे दाढी पिकते, कुठे कंबर धरते, कुठे बापाच्या जागी मुलगा उभा राहतो. नागपूर आणि आसपासच्या मंडळींना विनंती अशी की, आपण स्वतः खेळलेल्या किंवा शेजारी बसून पाहिलेल्या खेळात पात्राचे वय कसे दाखवले होते, आणि ते नुसते चेहऱ्यावर दिसले की खेळताना हातालाही जाणवले, हे सविस्तर लिहावे. नाव नको असेल तर राहण्याचा भाग आणि व्यवसाय एवढेच द्यावे. कथेचा शेवट उघड होणार असेल तर आधी तसे सांगावे, एवढीच अट.

महाल, छपाईचा व्यवसाय

आमच्या पिढीतल्या फार थोड्यांनी प्लेस्टेशन विकत घेतला. बाकीच्यांनी तो तासाच्या हिशेबाने खेळला. बर्डीतल्या एका गल्लीत दोन टीव्हींचे पार्लर होते. तिथल्या कंट्रोलरवरच्या खुणा इतक्या झिजल्या होत्या की चौकोन कुठला आणि त्रिकोण कुठला हे फक्त बोटांना ठाऊक असायचे. तिथे ‘टेकन २’ आणि ‘टेकन ३’ या मारामारीच्या खेळांच्या दोन्ही सीडी असल्यामुळे एकाच दुपारी दोन्ही भाग खेळून पाहता येत. या दोन भागांच्या कथांमध्ये सुमारे दोन दशकांचे अंतर आहे, आणि इंग्रजी मजकूर न वाचताही ते आम्हाला कळले होते, कारण तिसऱ्या भागात हेइहाची मिशिमाचे केस पांढरे झाले होते, मार्शल लॉच्या जागी त्याचा मुलगा फॉरेस्ट उभा होता आणि जुन काझामाच्या जागी तिचा मुलगा जिन आला होता. निना आणि अ‍ॅना या विल्यम्स भगिनी मात्र होत्या तशाच तरुण होत्या. मधली सगळी वर्षे त्यांना शीतनिद्रेत ठेवले होते, असे कथा सांगते.

खेळ म्हणून पाहिले तर मात्र वयाचा परिणाम शून्य. पांढऱ्या केसांचा हेइहाची स्वतःच्या तरण्याताठ्या नातवाला, म्हणजे जिनला, उचलून आपटतो आणि त्याला धापही लागत नाही. मला वाटते, लढतीच्या खेळात हे असे असणे भागच आहे. वयामुळे एखादे पात्र कमजोर केले तर ते निवडणार कोण? तासाचे पैसे मोजून बसलेला पोरगा तर मुळीच नाही.

रामदासपेठ, फिजिओथेरपिस्ट

मी स्वतः खेळत नाही. माझा भाऊ ‘मेटल गिअर सॉलिड ४’ खेळत असे आणि मी शेजारी बसून पाहत असे. २००८ साली प्लेस्टेशन ३ साठी आलेल्या या खेळाचा नायक स्नेक हा क्लोन आहे, आणि त्याचे शरीर झपाट्याने वृद्ध व्हावे अशीच त्याची घडण केलेली असल्याने चाळिशीतच तो सत्तरीचा दिसतो. पांढरे केस आणि मिशी पाहून मला विशेष काही वाटले नव्हते. पण बराच वेळ ओणवे राहून तो उठला की त्याचा हात आपसूक कमरेमागे जातो, आणि त्यासाठी खेळणाऱ्याने कोणतेही बटण दाबलेले नसते, हे लक्षात आल्यावर मी हातातले काम बाजूला ठेवून पाहू लागले.

माझ्याकडे येणारे ज्येष्ठ रुग्ण खुर्चीतून उठताना आधी दोन्ही हात मांड्यांवर टेकतात, अर्ध्यात क्षणभर थांबतात, मग कंबर सरळ करतात, आणि पहिली दोन-तीन पावले पाय थोडे फाकवून टाकतात. स्नेकच्या बाबतीत यातला एकच टप्पा दाखवला आहे. कमरेचा हात निघाला की पुढच्या क्षणी तो धावू शकतो, लोळण घेऊ शकतो, भिंतीला चिकटून सरकू शकतो. तरीही वेदना शोभेसाठी न दाखवता शरीराची सवय म्हणून दाखवणारा दुसरा खेळ माझ्या पाहण्यात नाही.

प्रतापनगर, बँकेत नोकरी

‘द सिम्स’ या पात्रांचा घरसंसार चालवण्याच्या खेळाच्या २००० साली आलेल्या पहिल्या भागात आपण कितीही दिवस खेळलो तरी मूल हे मूलच राहायचे. २००४ च्या दुसऱ्या भागात तान्ह्या बाळापासून वृद्धापर्यंत सगळे टप्पे आले, आणि मी कॉलेजात असताना घरच्या संगणकावर आजी, काका, काकू, चुलत भावंडे असे आमचे अख्खे कुटुंब त्यात वसवले. केकवरच्या मेणबत्त्या विझवल्या की पात्र पुढच्या टप्प्यात जायचे. वृद्ध झाल्यावर केस पांढरे होत, चाल बदले, आणि नोकरी सोडली तर निवृत्तिवेतनही सुरू होई. (हयातीचा दाखला द्यावा लागत नसे, हे आज बँकेच्या काउंटरमागे बसून विशेष जाणवते.)

वय थांबवण्याचा एक कोड होता आणि खेळातल्या आजीचा काळ जवळ आला की मी तो टाकत असे. एकदा मुद्दामच टाकला नाही. त्या खेळात समाधानाने आयुष्य जगलेल्या वृद्धाला न्यायला यमराजासोबत गवती झगे घातलेल्या नर्तकी येतात, आणि जाणाऱ्याच्या हातात बॅग दिली जाते. माझी खरी आजी शेजारीच बसली होती. तिने एवढेच विचारले, “अगं, बॅग कशाला? तिथं काय न्यायचं आहे?”

बजाजनगर, अभियांत्रिकीचा विद्यार्थी

महालच्या काकांच्या मताशी मी आदरपूर्वक असहमत आहे. वयामुळे पात्र बदलणारा मारामारीचा खेळ बनवता येतो आणि लोक तो आवडीने खेळतातही. २०२२ साली आलेल्या ‘सिफू’ची सगळी रचनाच वयावर उभी आहे. नायक वडिलांच्या खुनाचा सूड घ्यायला निघतो तेव्हा वीस वर्षांचा असतो. तो मेला की एका ताईताच्या बळावर पुन्हा उठतो, पण त्याची किंमत वयात मोजावी लागते. मरणांची मोजदाद ठेवणारा एक आकडा असतो, आणि प्रत्येक वेळी तो आकडा वयात मिळवला जातो. पहिल्या मरणाला एक वर्ष, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. म्हणजे चौथ्यांदा उठलात की तुम्ही तिशीचे. काही ठरावीक शत्रूंना हरवले तर हा आकडा खाली येतो, म्हणून एरवी ज्यांना टाळावे अशांच्या अंगावर आपण मुद्दाम धावून जातो.

वय हाताला जाणवते का, या प्रश्नाचे उत्तर इथे स्पष्टपणे ‘होय’ असे आहे. दर दशकाला ताईतातले एक नाणे फुटते, अंगातली सहनशक्ती घटते आणि फटक्याची ताकद वाढते. विशीत चार ठोसे खाऊनही उभे राहता येते, पण शत्रूला पाडायला वेळ लागतो. साठीत दोन फटक्यांत समोरचा आडवा, पण आपणही दोन फटक्यांत आडवे. त्यामुळे माझी खेळण्याची पद्धतच बदलते. तरुणपणी मी धावत जाऊन मारतो, आणि म्हातारपणी जागेवर उभा राहून समोरच्याचा वार येण्याची वाट पाहतो. सत्तरी ओलांडल्यावर पडलात की पुन्हा उठणे नाही.

आणखी एक गोष्ट. पहिली पातळी पन्नाशीत संपवली तर दुसरी पन्नाशीतच सुरू होते. साहजिकच मागे जाऊन तीच पातळी कमी वयात संपवण्याचा नाद लागतो. वसतिगृहात आम्ही एकमेकांना गुण विचारत नाही, “कितव्या वर्षी बाहेर पडलास?” असे विचारतो.

गांधीबाग, कापड व्यापारी

आमच्याकडे २००६ सालचा ‘क्रिकेट ०७’ अजूनही चालतो. त्यातला खेळाडू आपणहून कधी थकत नाही आणि निवृत्तही होत नाही. नवे चेहरे, नवी जर्सी आणि नवे संघ हे सगळे हौशी पोरांनी बनवलेल्या पॅचमधून, म्हणजे मूळ खेळात वरून जोडायच्या फाइल्समधून, येते. म्हणजे खेळाडूंचे वय वाढवण्याचे काम बनवणाऱ्या कंपनीने केलेच नाही, ते खेळणाऱ्यांनी केले. फुटबॉलच्या खेळातल्या करिअर मोडमध्ये, म्हणजे संघ वर्षानुवर्षे चालवण्याच्या प्रकारात, तिशीनंतर खेळाडूचा वेग उतरत जातो असे मुलगा सांगतो, आणि तो अशा खेळाडूला ताबडतोब विकून टाकतो.

खामला, त्रिमितीय मॉडेल बनवण्याचे काम

पात्रे हळूहळू म्हातारी का होत नाहीत आणि एकदम वीस वर्षांची उडी का मारतात, असे मला अनेक जण विचारतात. याचे कारण कामाच्या व्यापात आहे. चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्या बहुधा प्रत्यक्ष कोरलेल्या नसतात. त्या जागी प्रकाश कसा परतावा हे सांगणारे एक चित्र चेहऱ्यावर चढवलेले असते, ज्याला आम्ही नॉर्मल मॅप म्हणतो. तेवढे बदलणे सोपे आहे. परंतु माणूस केवळ सुरकुत्यांनी म्हातारा होत नाही. पापणी उतरते, गालाचे मांस जबड्याकडे ओघळते, कानाची पाळी लांबते, मानेच्या शिरा दिसू लागतात, आणि यासाठी मूळ आकारच नव्याने घडवावा लागतो. खांदे वाकवले तर आतला सांगाडा बदलतो; सांगाडा बदलला की चालणे, चढणे, बसणे या सगळ्या हालचाली पुन्हा तपासाव्या लागतात, आणि अंगावरचा कोट भलत्याच ठिकाणी शरीरात घुसतो. एवढे सगळे दर पाच वर्षांसाठी करणे कोणाला परवडेल?

म्हणूनच ‘ऑकारिना ऑफ टाइम’मधला लिंक (१९९८) तलवार उपसून सात वर्षे झोपतो आणि मोठा होऊनच उठतो. ‘द लास्ट ऑफ अस’मधला जोएल (२०१३) सुरुवातीच्या प्रसंगानंतर वीस वर्षांनी पिकल्या दाढीनिशी समोर येतो. ‘असॅसिन्स क्रीड’च्या एत्सिओला तीन खेळ मिळाले, त्यामुळे २००९ मध्ये जन्मापासून पाहिलेला तो पोरगा २०११ मध्ये बावन्न वर्षांचा होऊन कॉन्स्टँटिनोपलला पोहोचतो, आणि चेहरा बदलायला निर्मात्यांना दर खेळागणिक संधी मिळते. सलग वाढणारी गोष्ट म्हणजे दाढी. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये आर्थर मॉर्गनने दाढी केली नाही तर ती दिवसागणिक वाढत राहते. ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये तर काम निसर्गानेच केले: २०१८ आणि २०२२ या दोन्ही खेळांत अत्रेयसला आवाज देणारा मुलगा मधल्या काळात खरोखरच मोठा झाला, आणि पात्रही त्याच्यासोबत वाढले.

माझा स्वतःचा अनुभव थोडक्यात सांगतो. एका परदेशी कामासाठी मी म्हाताऱ्या लोहाराचे डोके बनवले होते. संदर्भासाठी वडिलांचे फोटो घेतले होते, दाढी न केलेल्या सकाळचे, बाजूने आणि खालून काढलेले. डोक्याचे कौतुक झाले आणि सोबत शेरा आला: वय थोडे कमी करा, डोळे तजेलदार करा, मान घट्ट करा. तीन फेऱ्यांनंतर जे उरले तो पांढरे केस लावलेला चाळिशीचा गृहस्थ होता. बाजारात दिसणाऱ्या अनेक ‘म्हाताऱ्या’ पात्रांमागे असेच शेरे असावेत, असा माझा दाट संशय आहे.

लक्ष्मीनगर, निवृत्त अभियंता

(शेवट उघड होतो.) नातवाने मला ‘पॅसेज’ नावाचा खेळ दाखवला. जेसन रोरर यांचा हा २००७ सालचा खेळ पाच मिनिटांत संपतो आणि पडद्यावर एक अरुंद आडवी पट्टी तेवढी दिसते. तरुणपणी पात्र पट्टीच्या डाव्या टोकाला असते आणि पुढचे सगळे धूसर दिसते. वय वाढते तसे ते उजवीकडे सरकत जाते आणि मागचे धूसर होते. वाटेत एक स्त्री भेटते. तिला सोबत घेतले तर पुढे जाण्याचे गुण दुप्पट मिळतात, पण दोघांना मिळून अरुंद वाटांत शिरता येत नाही, त्यामुळे वाटेतल्या खजिन्याच्या काही पेट्या कायमच्या हातच्या जातात. अखेरीस तिच्या जागी थडगे येते, पात्र वाकते, मंदावते, आणि थोड्या वेळाने त्याचेही थडगे होते.

मांडणी अप्रतिम आहे, विशेषतः पेट्यांची. माझी तक्रार वेगळी आहे. इथेही म्हातारपण म्हणजे केवळ मंदावणे. पस्तीस वर्षे कामाच्या जागा हिंडल्यानंतर कोणती भिंत ओल धरणार हे मला प्लॅस्टर पाहून कळते, आणि ते पंचविशीत कळत नव्हते. वाढलेल्या वयामुळे पात्राला पूर्वी न दिसणारे काही दिसू लागले, असा खेळ असेल तर येथील तरुण मंडळींनी जरूर सुचवावा. ‘सिफू’मधली वाट पाहण्याची सक्ती त्याच्या जवळ जाते, पण तिथे ते शहाणपण पात्राचे नसून बजाजनगरच्या चिरंजीवांचे आहे.

सदर, महाविद्यालयात इतिहास शिकवते

आतापर्यंतचे अनुभव वाचताना एक गोष्ट खटकली. स्नेक, जोएल, एत्सिओ, हेइहाची हे सगळे पुरुष आहेत. पुरुषाची दाढी पिकली की तो भारदस्त होतो, त्याला वारस मिळतो आणि पुढचा भागही मिळतो. विल्यम्स भगिनींना मात्र म्हातारे होऊ देण्यापेक्षा गोठवून ठेवणे सोयीचे वाटले, आणि महालच्या काकांनी ते सहज सांगून टाकले.

विद्यार्थ्याने एक सांगायचे राहून गेले. ‘सिफू’मध्ये नायक स्त्री म्हणूनही निवडता येतो, आणि तिचेही केस पांढरे होतात. मी तशीच खेळले. साठीची बाई अंबाडा बांधून एका दमात चार गुंडांना लोळवते, हे पाहण्याचे सुख मला याआधी कोणत्याही खेळाने दिले नव्हते. दुसरे उदाहरण ‘ओव्हरवॉच’मधल्या अ‍ॅना अमारीचे, जी २०१६ च्या जुलैत त्या खेळात आली. ती साठीतली आहे, तिचा एक डोळा गेलेला आहे आणि तिची तरुण मुलगी फारा त्याच खेळात लढते. लक्ष्मीनगरच्या सरांना हवे असलेले काहीसे तिच्यात आहे, असे मला वाटते. तिच्या बंदुकीची गोळी शत्रूला लागली तर जखम करते आणि सोबत्याला लागली तर बरे करते, त्यामुळे तिला खेळणारी व्यक्ती पळापळीत न पडता मागे उभी राहून अख्ख्या लढाईवर नजर ठेवते आणि आत्ता कोणाला काय हवे हे ठरवते. सरांनी नातवाकडून तिला एकदा खेळून पाहावे. बोटांचा वेग कमी पडला तरी चालते, नजर चुकली तर मात्र सोबती मरतात आणि मग सगळे तुमच्यावरच ओरडतात.