महादजी शिंद्यांचा पुतळा: घोड्यावर की बसलेला?

घाटमाथा: नमस्कार मंडळी. आमच्या गावात महादजी शिंद्यांचा पुतळा बसवायचं चाललंय, वर्गणी बऱ्यापैकी जमलीय, ग्रामसभेत ठरावही झालाय. गाडी अडलीय ती पुतळा कसला करायचा यावर. पोरांना दोन पाय वर घेतलेला घोडा आणि उगारलेली तलवार पाहिजे. मी म्हणतो बाबांनो, ज्या माणसाने बादशहाला परत दिल्लीत आणून बसवलं त्याचा नुसता तलवारवाला पुतळा केला तर हा कोण हे कळायला खालची पाटी वाचावी लागेल. त्यात एक काका म्हणाले घोड्याचा एक पाय वर असेल तर माणूस जखमांनी गेला, दोन वर असतील तर लढाईत गेला असा नियम असतो, आणि महादजी तर पुण्याजवळ वानवडीला आजारपणात गेले. खरंच असं असतं का? खर्च, परवानगी याचा कुणाला अनुभव असेल तर तेही सांगा.

बखरवाला: असा नियम बियम काही नाही, ही व्हॉट्सॅपची पैदास आहे. शिवाजी महाराज १६८० ला रायगडावर आजारपणात गेले, तरी एक पाय उचललेल्या घोड्यावरचेही त्यांचे पुतळे आहेत आणि दोन पाय उचललेल्यावरचेही.

पायावर बोलायचंच तर घोड्याचा सोडा, महादजींच्या पायावर बोला. पानिपतात १७६१ ला पायावर असा घाव बसला की जन्मभर लंगडत राहिले. पडलेल्या महादजींना राणेखान नावाच्या भिश्त्याने, म्हणजे पखालीतून पाणी वाहणाऱ्याने, वाचवलं, पुढे महादजींनी त्याला भाऊ मानलं आणि तो भिश्ती त्यांच्या फौजेत मोठा सरदार झाला. त्या पायानिशी या माणसाने १७७१ ला दिल्ली घेतली, १७७९ ला वडगावला इंग्रजांना तह करायला लावला, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहात तर इंग्रज आणि पेशवे दोघांच्या मधला जामीन हेच. १७८४ ला बादशहाकडून वकील-इ-मुतलक, म्हणजे बादशहाचा मुख्य मुखत्यार, हे पद मिळवलं ते पेशव्यांच्या नावाने, स्वतः त्यांचे नायब म्हणजे दुय्यम राहिले, आणि एवढं सगळं होऊन स्वतःला पाटीलच म्हणवून घ्यायचे. तलवार होतीच हो, पण खरी कमाई बैठकीतली. माझं मत बसलेल्या पुतळ्याला, तलवार मांडीवर आडवी.

रांगडा_गडी: बसलेला पुतळा म्हणजे शिक्षणसंस्थेच्या आवारातल्या संस्थापकासारखा दिसणार. पानिपतानंतर उत्तर हिंदुस्थान परत मिळवणारा माणूस खुर्चीत?? पोरांचं बरोबर आहे.

ओतकाम: मी फाउंड्रीत काम करतो म्हणून थोडं लांबण लावतो. दोन पायांवर उभा घोडा म्हणजे सगळं वजन मागच्या दोन बारीक पायांवर, शेपूट चबुतऱ्याला टेकवली तर तिसरा आधार मिळतो. वर वारा. वरचं ब्राँझ म्हणजे काही मिलिमीटरचं कवच, पुतळा उभा राहतो तो आतल्या सांगाड्यावर. तो साध्या लोखंडाचा केला आणि जोडातून पावसाचं पाणी आत गेलं की बाहेरून पुतळा चकाचक आणि आत गंज. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा पुतळा डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि ऑगस्ट २०२४ ला पडला, तेव्हाही गंजलेल्या नटबोल्टांचीच चर्चा होती. तेव्हा सांगाडा स्टेनलेसचा घ्या आणि स्ट्रक्चरल इंजिनियरची सही कागदावर घ्या, तोंडी नको. करारात धातूचं मिश्रण लिहून घ्या. ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं पाच पाच टक्के, हे नेहमीचं. नुसतं 'पंचधातू' लिहून दिलं तर त्याला काही अर्थ नाही, त्यात काहीही खपतं. फायबरवर ब्राँझचा रंग मारून देणारेही भेटतील, स्वस्त पडतं, पण उन्हापावसात वर्षं गेली की रंग उडतो आणि चिरा पडतात.

मधला मार्ग म्हणजे चालीतला घोडा, तीन पाय जमिनीवर, तलवार म्यानात. पोरंही खूश, इंजिनियरही.

सातबारा: आधी जागा बघा. रस्त्यात, फुटपाथवर किंवा चौकात वाहतुकीच्या मधे असेल तर विसरा, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१३ मध्ये रस्त्यांवर नवे पुतळे नकोत असं बजावलंय. जागेचा उतारा, ठराव, पोलिसांची ना-हरकत घेऊन फाइल कलेक्टर ऑफिसला जाते, आणि क्ले मॉडेलला, म्हणजे आधी करतात त्या मातीच्या नमुन्याला, कला संचालनालयाची मान्यता लागते. मान्यता येईपर्यंत शिल्पकाराला ओतकाम सुरू करू देऊ नका, दुरुस्ती सुचवली तर मातीत होते, धातूत नाही. आमच्याकडे पुढाऱ्याची तारीख आधी ठरली आणि चबुतरा मागून बांधला, उद्घाटनाला फरशी ओली होती 😄

घाटमाथा: सगळ्यांचे आभार. चालीतल्या घोड्यावर पोरं तयार होतील असं वाटतंय, काकांना राणेखानाचा किस्सा एवढा आवडला की आता ते चबुतऱ्यावर त्याचंही शिल्प कोरा म्हणतायत. शिल्पकाराला चेहऱ्यासाठी काय देऊ? नेटवर प्रत्येक चित्रात वेगळाच माणूस.

बखरवाला: काकांचं ऐका, चबुतऱ्याच्या एका बाजूला राणेखान झालाच पाहिजे. चेहऱ्यासाठी नवी कॅलेंडरछाप चित्रं देऊ नका, जुनी दिल्ली शैलीची चित्रं शोधा आणि वानवडीच्या छत्रीत, म्हणजे त्यांच्या समाधीवरच्या वास्तूत, जाऊन तिथली मूर्ती बघून या. वर्णनं मिळतात ती सावळा रंग, मध्यम उंची, अंगाने भरलेले अशी. शिल्पकाराला हे पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर तो जिममधून आलेला महादजी करून ठेवेल आणि मग मातीतलं पोट वाढवायला कुणी तयार होत नाही.