पाच इंच पाण्यात आंघोळ, लोक खरंच ऐकायचे का?

मुसाफिर: काल झोप येईना म्हणून दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटनच्या सरकारी शॉर्ट फिल्म्स बघत बसलो. एकात टबमध्ये पाचच इंच पाणी घेऊन आंघोळ, का तर कोळसा वाचवा. हसलो खरं, पण वरून बॉम्ब पडतायत आणि सरकार आंघोळीचं पाणी मोजतंय, लोक चिडत नसतील?

फिल्मीकिडा: ती १९४२ची, रिचर्ड मॅसिंगहॅमची. हा बाबा मूळचा डॉक्टर बरं का. पुढे १९४५ला शिंकताना रुमाल धरा सांगणारी पण त्यानेच केली. बऱ्याच फिल्म्समध्ये स्वतःच बावळट जाड्या होतो, म्हणजे उपदेश करणाराच येडा दिसतो आणि आपण हसता हसता ऐकून घेतो. थिएटरात मेन पिक्चरच्या आधी दाखवायचे, आणि थिएटर नसेल तिथे प्रोजेक्टरवाली व्हॅन घेऊन गावच्या हॉलमध्ये, फॅक्टरीत जायचे.

जुनाबाजार: फिल्म बघून कोण ऐकतंय हो, रेशनकार्ड होतं म्हणून ऐकायचे. ८ जानेवारी १९४० पासून बेकन, लोणी, साखर मोजून, जून १९४१ पासून कपड्यांनाही कूपन, पहिल्या वर्षी माणशी ६६. गंमत म्हणजे ब्रेड युद्धात कधीच रेशनवर नव्हता, तो जिंकल्यावर १९४६ला आला, आणि मटण सुटायला जुलै १९५४ उजाडला. आंघोळीचं मात्र नुसतं आवाहन, बाथरूममध्ये फूटपट्टी घेऊन कोण येणार.

फिल्मीकिडा: @जुनाबाजार कार्ड मान्य, पण कार्डावर मिळतं त्यात घर कसं चालवायचं हे कार्ड सांगत नाही ना. परसात बटाटे लावा, जुन्या कपड्यातून नवीन शिवा, गाजर खा, हे सगळं पडद्यावरूनच.

गिरगावकर: आपल्याकडेही होतंच की. १९४०ला मुंबईत फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड काढलं, व्ही. शांताराम काही काळ तिथे चीफ प्रोड्यूसर होते. नंतर १९४३ला इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया, आणि थिएटरवाल्यांना सरकारी फिल्म दाखवायची सक्ती. इथली पब्लिक का ऐकेल म्हणा, आदल्याच वर्षी चले जाव झालेलं आणि नेते जेलमध्ये, युद्ध कुणाचं आणि काटकसर कुणी करायची! पिक्चरच्या आधीची फिल्म्स डिव्हिजनची न्यूजरील आठवते ना, ती सवय तिथूनच आली. ब्लॅकआउट मात्र ७१च्या पाकिस्तान युद्धात आजीने अगदी कडक पाळला, काचांना काळे कागद आणि सायरन झाला की स्टोव्हसुद्धा बंद. त्यासाठी तिला कुठली फिल्म लागली नव्हती, खालून चाळीतली पोरंच ओरडायची "तिसरा मजला, लाईट!"

मुसाफिर: भारी माहिती, थँक्स सगळ्यांना. @गिरगावकर ते काळे कागद विकत मिळायचे की घरी रंगवायचे? आजी असतील तर विचारा ना.