पोरांचा दमा : कोप्यांवर, नदाफ गल्लीत काय चालतं, काय फसतं?

दिवाळीनंतर ऊसतोडीच्या कोप्यांवर, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपड्यांवर, चुलीचा नि पाचट पेटवल्याचा धूर, कापूस पिंजणाऱ्या नदाफ-पिंजारी घरांत कापसाची भुकटी. पोरं धापायला लागतात. या कामातल्या लोकांनी लिहावं. किस्से नकोत, कृती सांगा.

औषध दुकान, मिरज
धाप लागल्यावर ओढायच्या आरामाच्या पंपात, म्हणजे साल्ब्युटामॉलच्या, साधारण २०० दाब असतात, दाबाला १०० मायक्रोग्रॅम. पाण्यात तरंगवून किती उरलंय ते कळत नाही. आकडा नसलेल्या पंपावर तारीख लिहा, दाब मोजा. स्पेसर, म्हणजे पंप नि तोंड यांच्यामधली औषध धरून ठेवणारी नळी, परवडत नसेल तर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली चालते. बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक तापल्या तारेनं पाडायचं. कात्रीनं कापलं तर सैल बसतं नि औषध बाहेर जातं. सांध्याला चिकटपट्टी. बाटली साबणपाण्यातून काढून न पुसता वाळवायची; पुसली की औषध प्लॅस्टिकलाच चिकटतं.

आशा, पलूस तालुका
पंप हलवा, एक दाब, बाटलीच्या तोंडातून पाच-सहा श्वास. मग पुन्हा हलवून दुसरा. घाईनं दोन दाब एकदम मारतात, ते वाया जातात. लहानग्यांना तोंडात बाटली धरता येत नाही, त्यांना मास्कचा स्पेसरच हवा. मास्क गालाला घट्ट, नाहीतर सगळं हवेत. आणि 'पंपाची सवय लागते' म्हणणाऱ्या आज्जींना आधी चहा पाजा, मग समजावा!

परिचारिका, कराड
घोळ होतो तो दोन पंपांचा. बुडेसोनाइडचा, म्हणजे दमा आवरून ठेवणारा, रोजचा पंप खोकला थांबला की बंद करतात. महिन्या-दोन महिन्यांत पोर परत वाफेला हजर. तो पंप डॉक्टर सांगतील तोवर रोज, दर वेळी नंतर चूळ. धाप लागली तर आरामाचा पंप, लिहून दिलेले दाब, गरज पडल्यास वीस मिनिटांनी पुन्हा. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, पाणी पिववत नाही, वाक्य पुरं होत नाही, ओठ निळे दिसतात, तर थांबायचं नाही: १०८ लावा, गाडी येईपर्यंत दाब चालू.

आरोग्यसेवक, वाळवा तालुका
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत, शाळेत येतं. कोपीवरच्या पोराचं नाव कुठल्याच पटावर नसतं, म्हणून ते सुटतं. टोळी उतरली की मुकादमाकडून यादी घ्या, जवळच्या अंगणवाडीत नावं घाला. मार्च-एप्रिलला टोळी परतताना औषधाचं नाव, ताकद, दिवसाचे दाब लिहिलेला कागद नि पुरेसा पंप हातात द्या. बीडकडच्या दवाखान्यात 'तो निळा पंप' एवढ्यावर भागत नाही.